गिरणीमागच्या विहिरीवर

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणीनं विचारलं की त्या सांगायच्या, "ती वस्तीत जाऊन बसते." मला राग यायचा. मी पदवीधर, एका सामाजिक संस्थेत समुदाय संघटक, सोलापुरातल्या गरीब वस्त्यांमध्ये लोकांना घराजवळ काम मिळावं म्हणून प्रकल्प उभे करणारी. आणि या सगळ्याचं वर्णन काय, तर जाऊन बसते! आता निवृत्तीनंतर वाटतं, सासूबाई बरोबर बोलत होत्या. आमच्या कामात निम्मा भाग बसण्याचाच. कुणाच्या तरी उंबऱ्यावर टेकायचं, विड्या वळता वळता बायका काय बोलतात ते ऐकायचं, एखादं रडकं मूल मांडीवर घ्यायचं, आणि आपण आलोय हे त्या विसरेपर्यंत गप्प राहायचं. आपण नवखे असतो तोवर लोक आपल्याला आवडेल तेच सांगतात. आपला विसर पडला की खरं बोलायला लागतात.

एका वस्तीत मी अशीच बरीच बसले. एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे ती वस्ती होती. पत्र्याची घरं, अरुंद बोळ, आणि सगळ्यावर सावली धरून उभं असलेलं गिरणीचं उंच धुराडं. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे वेळ थांबून राही. पत्रे तापून कटकट आवाज करायचे, कुत्री गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडायची, आणि दूरवरचं काहीही उन्हात हलताना दिसायचं. कुठल्या तरी घरातून तेलुगूत अंगाई ऐकू यायची, पलीकडच्या बोळातून दख्खनी उर्दूतलं भांडण. मला पुष्कळदा अशी गुंगी यायची, की आपण कामावर आहोत की कुठल्याशा जुन्या दुपारच्या स्वप्नात आहोत, ते समजत नसे.

आमच्याआधी तिथे दुसरी एक संस्था येऊन शिलाई मशीन वाटून गेली होती. गरीब बाई दिसली की तिला शिलाई मशीन द्यायचं, ही आमच्या क्षेत्राची फार जुनी सवय. त्यातल्या एका मशीनवर आता टीव्ही होता आणि दुसऱ्यावर देव मांडले होते. बायकांना शिवता येत नव्हतं असं नाही. पण वस्तीत कपडे शिवून घेणार कोण? आणि बाहेर कारखान्यात जावं, तर नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानं येणार, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. जी बाई कामावर गेली तिच्या घरातलं पिंप कोरडं राहिलं. म्हणून सगळ्या घरात बसून विड्या वळायच्या. काम घराजवळच हवं, हे माझ्या प्रकल्पाचं सूत्र मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या पिंपांपाशी सापडलं.

पण कसलं काम? तेच सुचत नव्हतं.

मग एका सकाळी बायडाबाईची शेळी हरवली. बायडाबाई सांगोल्याकडची. दुष्काळात गाव सोडून आलेली, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. शहरात येऊनही तिनं एक शेळी पाळलीच होती.

"म्याडम, माझी शेरडी कुटं गेली की वो!" ती बोळातून ओरडत आली. "रिकाम्याच बसलाय न्हवं, चला माझ्यासंगं!"

मी उठले. गिरणीच्या मागची भिंत एका जागी ढासळली होती, तिथून आम्ही आत शिरलो. आत वेड्या बाभळींचं रान माजलं होतं. पुढे कुठेतरी शेळी ओरडत होती, पण आवाज जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. बाभळी बाजूला सारत गेलो, तर समोर दगडी कठडा आला आणि पलीकडे एक प्रचंड गोल विहीर. निम्म्याच्या वर कचरा, राडारोडा, पिशव्या. शेळी आतल्या पायरीवर अडकून आमच्याकडे बघत होती.

शेळी बाहेर काढून आम्ही परत आलो, तेव्हा शब्बीरचाचा वाटेवरच्या ओट्यावर बसले होते. ते त्या गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद झाली तरी रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते धुराड्याकडे तोंड करून बसत. मी विहिरीचं विचारलं, तर त्यांचा चेहराच बदलला.

"बावडी देखी तुम?" ते म्हणाले. "बेटी, वो बावडी कभी सुकी नै. पूरी गिरणीका सूत उसके पानीमें धुलता था. इतना नरम पानी, साबण लगाओ तो झाग उतरताच नै था."

बायडाबाई शेळीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत उभी होती. "मग काडा की कचरा," ती म्हणाली. "हितं पान्यापायी जीव चाललाय आन् तिकडं हीर बुजवून ठिवलीया."

गिरणीच्या जागेचा खटला कोर्टात पडून होता. त्यामुळे परवानगी देणारा माणूस शोधण्यातच माझे कितीतरी महिने गेले. हे आमच्या धंद्यातलं दुसरं बसणं, सरकारी कचेरीच्या बाकावरचं. शेवटी एका सज्जन अधिकाऱ्यानं, साफसफाईला आणि आवार वापरायला हरकत नाही, पण जागेवर हक्क सांगायचा नाही, या अटीवर परवानगी दिली. आमच्या संस्थेनं सफाईची मजुरी प्रकल्पातून देण्याचं मान्य केलं. अशा रीतीनं त्या वस्तीतला आमचा पहिला रोजगार म्हणजे कचरा उपसणं.

गाळ वर ओढायला एक यारी, म्हणजे विहिरीवरची छोटी क्रेन, भाड्यानं आणली. वरचा कचरा निघाला आणि मग खालून गिरणी वर यायला लागली. मागावरचे लाकडी धोटे, सुताच्या कांड्या, पितळी चकत्या, कुणाचा तरी जेवणाचा डबा. चाचा कठड्याशी खुर्ची टाकून बसत आणि वर आलेली प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचं खातं सांगत. हे रंगखात्याचं, हे कांडीखात्याचं. बायका चिखलाने माखलेल्या, आणि हा म्हातारा मांडीवर धोटा घेऊन हसतोय, हे दृश्य आजही डोळे मिटले की दिसतं.

तळाशी खडक लागला तेव्हा तो कोरडाच होता. सगळ्यांची तोंडं उतरली. चाचा म्हणाले, "ठैरो. उसकू सांस लेने देव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत डोकावलो, तर खडकावर आभाळ पडलेलं. अगदी स्थिर, निळं, त्यात एक ढग. खाली पाणी आहे हे कळायला एक क्षण लागला. इतकी माणसं कठड्याला छाती टेकून नुसती बघत राहिली.

पाणी आलं, आता काम काय? बायडाबाईनं सरळ हिशोब मांडला. "पानी हाय तर धुवायचं. आमाला दुसरं काय येतंय?" शहरातल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहाला चादरी धुवून घ्यायच्या होत्या. तिथल्या मेट्रनबाईंशी मी बोलले, त्या तयार झाल्या. अडल्या त्या वस्तीतल्या बायकाच. आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे होती नरसम्मा.

नरसम्मा तेलुगू विणकर घरातली. नवरा यंत्रमागावर काम करून करून छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला. ती लहानपणापासून विड्या वळत आली होती. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, मान खाली. ती फार कमी बोलायची. त्या दिवशी मात्र बोलली.

"बाळंतिणीची चादर धुवायची? रक्त, घाण? ते नक्को ताई. विडी बरी. विडीला कुणी नाव ठेवत नाही."

बऱ्याच बायकांनी माना डोलावल्या. घरचे पुरुष काय म्हणतील, रोग येईल, जातभाई हसतील. मी हातमोजे, औषधं, उकळतं पाणी असलं काहीबाही समजावत होते आणि ते कुणाच्या गळी उतरत नव्हतं. तेवढ्यात बायडाबाई म्हणाली, "आगं नरसम्मा, तुझ्या आयनं तुला कशावर जल्म दिला? फुलांवर व्हय? आसल्याच एका चादरीवर की! ती बी कुनीतरी धुतलीच आसंल न्हवं?"

नरसम्मानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पण धुलाई सुरू झाली त्या दिवशी ती आली. सगळ्यांत शेवटी, पदर घट्ट खोचून.

बाहेरच्यांना वाटतं, धुणं म्हणजे काय, आपटायचं आणि पिळायचं. तसं नाही. रक्ताचा डाग आधी गार पाण्यातच भिजवावा लागतो. गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो. गार पाण्यातून काढून मग सोड्यात, मग उकळत्या हौदात, मग दोनदा स्वच्छ पाण्यात, शेवटी नीळ. उकळत्या हौदाला एक छोटा बॉयलर लागणार होता. तो चालवायला माणूस शोधावा लागला नाही. पहिल्या दिवशी बॉयलरनं वाफ सोडली तेव्हा चाचांनी टोपी काढून हातात घेतली. धुण्याचं पाणी गटारात सोडायचं नाही असं ठरलं होतं. ते चर खणून कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. पावसाळ्यानंतर त्या उजाड जागेत लाल-पिवळ्या कर्दळी अशा फुलल्या की वस्तीतल्या मुली तिथे फोटो काढायला जाऊ लागल्या.

पण सगळ्यांत सुंदर होतं ते वाळवण. गिरणीच्या मोकळ्या आवारात दोऱ्या बांधल्या होत्या. सोलापूरच्या उन्हात शेवटची चादर टाकेपर्यंत पहिली वाळलेली असायची. वारा सुटला की सगळ्या चादरी एकदम फुगायच्या आणि एकदम खाली यायच्या, एखादा प्रचंड प्राणी झोपेत श्वास घेतोय तशा. मी त्यांच्यामधून चालायची. माणसं दिसायची नाहीत, नुसते आवाज. एका चादरीमागे तेलुगू, दुसऱ्या चादरीमागे सांगोल्याची मराठी, तिसरीमागे कुणीतरी हसतंय. पांढऱ्या उजेडात मला दिशा समजायची नाही, आणि समजावी असं वाटायचंही नाही.

एकदा अशीच चालताना चादर उडाली आणि पलीकडे नरसम्मा दिसली. ती काही करत नव्हती. दोन्ही हात कमरेवर ठेवून ताठ उभी राहून आभाळाकडे बघत होती. मला पाहून ओशाळली.

"पाठ सरळ झाली, ताई," ती म्हणाली. "एवढी वर्षं खालीच बघत होते. धुराडं इतकं उंच हाय, ते आत्ता बघते."

प्रकल्प चांगला चालला. आमच्या अहवालात त्याचे फोटो छापले गेले. दुसऱ्या शहरांतून लोक बघायला आले. आणि मग तो उन्हाळा आला.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहरात आधीच खंडानं येणारं पाणी आणखी लांबलं. वस्तीतली पिंपं कोरडी पडली. विहिरीचं पाणी धुलाईपुरतंच असं ठरलेलं होतं, तरी बायका आधी चोरून, मग उघड विहिरीवर घागरी घेऊन येऊ लागल्या. शेजारच्या वस्त्यांतूनही लोक यायला लागले. विहिरीची पातळी रोज खाली. धुलाईला पाणी पुरणार नव्हतं, आणि प्रसूतिगृहाचं काम थांबवता येत नव्हतं. बाळंतपणं पाणी बघून होत नाहीत.

विहिरीच्या कठड्यापाशी बैठक बसली. मी सुचवलं, सकाळी लोकांनी पाणी भरावं, दुपारी धुलाई अर्धी करावी. पण अर्धी धुलाई मेट्रनबाईंना चालणार नव्हती, हे मलाही ठाऊक होतं. धुलाईतल्या बायका कठड्याला टेकून बसल्या होत्या. कठड्याबाहेर रिकाम्या घागरी घेऊन लोक उभे होते.

बायडाबाई उठली. मला वाटलं, आता ही भांडणार. तिचा आवाज मात्र कधी नव्हता एवढा खाली आला. "म्याडम, गावाकडं टँकर यायचा तवा मी त्याच्यामागं पळलीया. माजी कळशी मानसांच्या पायाखाली गेली, आन् मी बी. त्या गर्दीत माजीच चुलतजाव हुती. तिनं बी मला उचललं न्हाय. तिला बी पानी पायजे हुतं की." ती थांबली. "हितं तसं व्हाया नगं. हीर समद्यांला सोडा."

"आणि आम्ही?" नरसम्मा ताडकन उभी राहिली. "पुन्हा सूप मांडीवर घ्यायचं? कचरा आम्ही काढला. गाळ आम्ही काढला. तेव्हा हे कुठं होते?" तिनं घागरीवाल्यांकडे बोट केलं. "मी नाही बसणार परत. नाही बसणार!"

ती निघून गेली. मी तिला थांबवलं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती आणि बायडाबाईही नव्हती. पस्तावा म्हणावा असं काही त्या दिवसाचं माझ्याकडे नाही, पण हळहळ आहे. दोघींनाही पुरेल एवढं पाणी त्या विहिरीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले. रांग लागली होती, पण धक्काबुक्की नव्हती, आरडाओरडा नव्हता. मला नवल वाटलं. पुढे जाऊन पाहिलं तर कठड्याशी नरसम्मा. पदर खोचून दोर ओढत होती आणि एकेकाची घागर भरून देत होती. आधी म्हातारे, मग पोटुशा बायका, मग बाकीचे. कुणी मध्ये घुसलं तर नुसती बघायची आणि तो मागे सरकायचा. मला पाहिलं तरी थांबली नाही.

"बादली धरा, ताई," एवढंच म्हणाली. मी धरली.

धुलाई बंद झाली. मेट्रनबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी काम मशीनच्या लाँड्रीला दिलं आणि पाऊस पडल्यावरही ते परत आलं नाही. निधी देणाऱ्यांनी प्रकल्प अयशस्वी ठरवून मिटवला. कागदोपत्री ते बरोबरच होतं. कर्दळी वाळल्या. चाचा रोज थंड बॉयलरशेजारी जाऊन बसायचे, त्यावर हात ठेवून. पुढच्या थंडीत ते गेले. त्यांच्या मुलानं सांगितलं, शेवटच्या दिवसांत अब्बा झोपेत वाफ सोडल्यासारखा आवाज काढत आणि हसत. नरसम्मा पुन्हा विड्या वळू लागली. मी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. ती वर बघायची नाही.

मला वाटलं, संपलं.

पण त्या उन्हाळ्यात विहिरीवर घागर भरून गेलेल्या लोकांच्या मनात काहीतरी राहून गेलं होतं. पलीकडच्या वस्तीतली काही माणसं एके दिवशी बायडाबाईच्या दारात आली. त्यांच्याकडे देवळामागे एक बुजलेला आड होता. तो उपसून द्याल का, असं विचारत होती. बायडाबाई तडक नरसम्माकडे गेली. त्या बैठकीनंतर दोघींचं बोलणं नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यावर होते.

"चल," बायडाबाई म्हणाली.

"कुठं?"

"हिरीत."

नरसम्मानं हातातली विडी पुरती वळली, तिला दोरा बांधला. मग तिनं मांडीवरचं सूप उचललं आणि शेजारी जमिनीवर ठेवलं.

त्या आडानंतर एका शाळेनं बोलावलं, मग एका जुन्या सोसायटीनं, मग अक्कलकोट रस्त्यावरच्या एका मळ्यानं. शहरात आणि आसपास किती विहिरी कचऱ्याखाली झोपून होत्या, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. धुलाईवाल्या बायका विहीर उपसणाऱ्या बायका झाल्या. त्यांनी स्वतःची यारी घेतली. हा प्रकल्प कुठल्या संस्थेचा नाही, त्याचा अहवाल नाही. मी त्यात काहीच केलेलं नाही, आणि माझ्या नोकरीतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट तीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात नरसम्माचा फोन आला. "ताई, जुनी बारव लागली. पायऱ्यांची. तुम्हाला उतरता येईल. या की."

मी गेले. शहराबाहेर, एका पडीक माळावर ती बारव होती. बायडाबाई वर यारीपाशी उभी राहून सगळ्यांना दम देत होती. गुडघे सांभाळत, भिंतीला धरत मी खाली उतरले. प्रत्येक पायरीगणिक ऊन मागे राहत गेलं, आवाज बारीक होत गेले, हवा गार झाली. तळाशी नरसम्मा एकटी उकिडवी बसली होती. केस पांढरे झालेले, हात कोपरापर्यंत चिखलात. खडकाच्या एका भेगेतला गाळ ती बोटांनी कोरून काढत होती, लहान मुलाच्या कानातला मळ काढावा इतक्या हळू.

तिनं माझा हात धरला आणि त्या भेगेवर ठेवला. "थांबा," ती कुजबुजली.

खडक कोरडा होता. वर, खूप वर, आभाळाचा एक चौकोन दिसत होता. आम्ही दोघी श्वास धरून बसलो. किती वेळ गेला कोण जाणे, मग माझ्या तळव्याखाली काहीतरी गार हललं. आधी एक थेंब, मग त्याच्यामागून दुसरा, मग थेंब वेगळे ओळखू येईनात.

नरसम्मानं डोळे मिटले होते.

वरून बायडाबाईचा आवाज घुमत खाली आला. "पानी लागलं का गं?"

नरसम्मानं डोळे उघडले आणि ओला तळवा माझ्या गालाला लावला.